खेळ संपल्यावर काय उरते?

मुलांच्या व्हिडिओ गेमबद्दल आपण पालक दोनच प्रश्न विचारतो : किती वेळ खेळलास? त्यात मारामारी आहे का? मुले एकमेकांना तिसरा विचारतात : मजा येते का? तिन्ही प्रश्न रास्त आहेत. परंतु एखादे चांगले नाटक पाहून आल्यावर आपण एवढ्यावर थांबत नाही. ते मनाला भिडले का, हेही विचारतो. मग गेमलाच वेगळी फूटपट्टी का?

अमेरिकेतील रायन व एमी ग्रीन या ख्रिस्ती दांपत्याचा मुलगा जोएल वर्षाचा असताना त्याला मेंदूचा कर्करोग झाल्याचे कळले. २०१४ साली, वयाच्या पाचव्या वर्षी तो देवाघरी गेला. आईवडिलांनी त्याच्या आजारपणावर ‘दॅट ड्रॅगन, कॅन्सर’ हा गेम तयार केला. तो २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात इस्पितळातील एक रात्र आहे. बाळ रडत असते. खेळणारा त्याला शांत करण्यासाठी जे जे सुचेल ते करून पाहतो, पण रडणे काही थांबत नाही. शेवटी थकलेला बाप प्रार्थना करतो. येथे जिंकण्यासाठी बटणच नाही. सिनेमात आपण दुसऱ्याची हतबलता पाहतो. येथे ती आपल्याच हातांना जाणवते. याला ‘मजा’ कोण म्हणेल?

पोलंडमध्ये तयार झालेल्या ‘धिस वॉर ऑफ माइन’ (२०१४) या गेममागे १९९२ ते १९९६ मधील सारायेव्होच्या वेढ्याची प्रेरणा आहे. त्यात सैनिक नव्हे, उपाशी नागरिक व्हायचे. एका वृद्ध जोडप्याचे अन्न चोरता येते. चोरले, तर आपलीच माणसे खिन्न होतात. २०२० साली पोलंड सरकारने हा गेम शालेय वाचनयादीत घेण्याचे जाहीर केले.

मात्र भावना हे माप तरी पक्के आहे का? चीड आणि हाव याही भावनाच, आणि काही गेम त्यांवरच पोसलेले असतात. रडू आणणे तर सोपेच, आपल्या टीव्ही मालिका रोज आणतात! १५२१ साली पाय जायबंदी होऊन लोयोला येथे पडून असलेल्या संत इग्नेशियस यांना एक गोष्ट ध्यानात आली. शौर्याच्या व मानमरातबाच्या कल्पनांत रमताना सुख होई, पण नंतर मन कोरडे पडे. संतांच्या चरित्रांवर चिंतन केल्यावर मात्र आनंद मागे टिकून राही. सुख किती तीव्र, यापेक्षा मागे काय उरले, हे त्यांनी पाहिले. गेमलाही आपण हेच माप लावू शकतो. कॉम्प्युटर बंद केल्यावर मुलगा धाकट्या बहिणीवर खेकसतो, की त्या म्हाताऱ्या जोडप्याचे पुढे काय झाले असेल, असे विचारतो?

अर्थात प्रत्येक खेळाने रडवलेच पाहिजे असे नाही. अंगणातल्या क्रिकेटकडून आपण तशी अपेक्षा करत नाही. संत थॉमस अक्वायनस यांनीही मनाच्या विश्रांतीसाठी खेळ आवश्यक मानला होता. शिवाय एकच गेम दोन घरांत सारखा उतरत नाही. ज्या घरातले बालक नुकतेच गेले आहे, तेथे ग्रीन दांपत्याचा गेम कोणाला आधार देईल आणि कोणाची जखम उघडी करील, हे बाहेरून सांगता येणार नाही.