मैत्री आणि मुके जनावर



नव्याने दीक्षा घेतलेल्या कुटुंबांत बसून धम्माची चर्चा सुरू झाली, की एक प्रश्न हमखास पुढे येतो. "माणसाला माणूस म्हणून वागविण्याचा लढा अजून संपलेला नाही. आमच्या वस्तीत रात्री बाळंतीण अडली तर गाडी मिळत नाही. आणि तुम्ही आम्हांला जनावरांच्या औषधपाण्याच्या गोष्टी सांगता?" प्रश्न रागाचा आहे, आणि तो राग खोटा नाही. त्याला बगल देऊन प्राणिमात्रांवरील दयेचे प्रवचन झोडणे हा अप्रामाणिकपणा होईल.

या रागामागे इतिहास आहे. ज्या गावाने पोळ्याला बैलाच्या शिंगांना बेगड लावली, गाईला माता म्हटले, त्या गावाने आपल्या आजा-पणजाला जनावराजवळ केव्हा येऊ दिले? ते मेल्यावर! जिवंत गाय पाटलाची, मेलेली गाय महाराची, असा तो गावगाडा होता. महाडच्या चवदार तळ्यावर गुरेढोरे पाणी पीत, पण अस्पृश्य माणसाला तेथे मज्जाव होता. १९२७ च्या मार्चमध्ये त्याच महाडला बाबासाहेबांनी मृत मांस सोडण्याचा आदेश दिला. त्यानंतर ठिकठिकाणी आपल्या लोकांनी गावाचा रोष पत्करून, प्रसंगी उपाशी राहून, मेलेली ढोरे ओढण्याचे काम टाकले. अशा समाजाला कोणी 'जनावरांवर दया करा' म्हणू लागला, तर 'ही दया आम्ही पुष्कळ पाहिली' असे उत्तर ओठावर येणारच.

परंतु वाचकहो, गावाने जनावराला दिली ती पूजा होती, मैत्री नव्हे. (बैलासाठी रात्र रात्र जागणारे शेतकरी गावोगाव आहेत, त्यांच्याविषयी हे बोलणे नाही.) पूजेला वर्षातून एक दिवस पुरतो. मैत्रीला जनावराच्या गरजेची वेळ पाळावी लागते, आणि ती वेळ बहुधा मध्यरात्रीची असते.

'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी करुणा आणि मैत्री यांतला भेद सांगितला आहे. करुणा म्हणजे माणसांविषयीचे प्रेम. मैत्री त्याहून पुढची, ती सर्व जीवमात्रांविषयीची. त्याच ग्रंथात बाल सिद्धार्थ आणि हंस यांची कथा आहे. देवदत्ताचा बाण लागून पक्षी खाली पडतो. सिद्धार्थ काय करतो? तो मंत्र म्हणत नाही, नवस बोलत नाही, नुसता हळहळतही बसत नाही. तो बाण काढतो, जखम बांधतो, पक्ष्याला पाणी पाजतो. नंतर हंस कोणाचा असा वाद होतो, आणि निवाडा वाचविणाऱ्याच्या बाजूने लागतो. ही कथा आपण मुलांना सांगतो ती निवाड्यासाठी. पण निवाड्याआधीच्या त्या काही क्षणांत हाताने जे केले, त्याकडे आपले लक्ष जात नाही.

आता आपल्या बीड जिल्ह्याकडे या. दिवाळीच्या सुमारास येथून हजारो कुटुंबे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. समजा, तुमचेही कुटुंब मुकादमाची उचल घेऊन, बैलगाडीसह कारखान्यावर गेले आहे. रात्री कोपीबाहेर बैल उठेनासा झाला. त्याची डावी कूस नगाऱ्यासारखी फुगली, जीभ बाहेर आली. घरातील म्हातारी म्हणते, म्हसोबाला नारळ कबूल करा. कोणी अंगारा आणायला धावतो. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाची परीक्षा सभेत होत नसते, अशा वेळी होते. बैल मेला तर उचल फिटणार नाही, ही धास्ती असते. आणि धास्तावलेल्या माणसाला जुने देव फार लवकर आठवतात.

त्या बैलाच्या पोटात काय चालले आहे ते समजून घ्या, म्हणजे भीती निम्मी होईल. पोटात वायू कोंडला आहे, तो छातीवर दाबतो आहे, श्वास अडतो आहे. डॉक्टर तोंडातून नळी घालून तो वायू सोडतो. अगदी जिवावर बेतले तर डाव्या कुशीत पोकळ नळीचे अणकुचीदार हत्यार टोचून वाट करून देतो. तो येईपर्यंत बैलाला उभे ठेवा, पुढचे पाय उंचवट्यावर घ्या, चारा बंद करा. आडव्या पडलेल्या जनावराच्या नरड्यात बळेच तेल ओतू नका. ते फुप्फुसात गेले तर त्यानेच ते दगावते. ज्वारीची किराळ लागली तर वेळ याहूनही कमी. कोवळ्या किंवा पाण्यावाचून सुकलेल्या ज्वारीत जे विष तयार होते त्याने काही मिनिटांतही जनावर कोसळते. त्याचा उतारा शिरेतून द्यावा लागतो. साप चावला तर माणसासाठी असते तशीच सर्पविषावरची लस जनावरालाही लागू पडते. मांत्रिकाकडे गेलेली घटका तेवढी वाया जाते. गाय अडली तर चार जणांनी दोर बांधून वासरू ओढू नये. १९६२ या क्रमांकावर फोन केल्यास पशुवैद्यकीय मदतीची चौकशी करता येते. गाडी दर वेळी वेळेवर येईल असे नाही. म्हणून जवळच्या डॉक्टराचा क्रमांक कोपीच्या कुडावर आधीच लिहून ठेवावा.

२०२२ साली लम्पीची साथ आली तेव्हा दगावलेल्या गाईमागे ३०,००० रुपये, बैलामागे २५,००० आणि वासरामागे १६,००० रुपये शासनाने ठरविले. त्या पैशाचा आधार झाला, हे नाकारू नये. पण मेल्यानंतरचा पंचनामा आपल्या समाजाने पिढ्यानपिढ्या केला आहे. आता आपली जागा जिवंत जनावराच्या उशाशी आहे.

यातूनच एक अवघड प्रश्न उभा राहतो. ट्रकने उडविलेल्या बैलाचा पाय चुरला आहे, पाठीचा कणा मोडला आहे, डॉक्टर सांगतो की हे वाचणार नाही. त्याला इंजेक्शनने शांतपणे मरू द्यावे काय? पंचशीलातले पहिलेच शील आडवे येते. येथेही बाबासाहेबांचे विवेचन उपयोगी पडते. त्यांनी अहिंसा हा नियम न मानता तत्त्व मानला. मारण्याची इच्छा आणि मारण्याची निकड यांत बुद्धाने फरक केला, असे ते सांगतात. नियम पाळायला डोके लागत नाही. तत्त्वाचे ओझे मात्र ज्याचे त्याला वाहावे लागते. बैल कामाचा उरला नाही, औषधाला पैसे जातात, म्हणून त्याला संपविणे ही मारण्याची इच्छाच होय, तिला दयेचे नाव देऊ नये. परंतु सुटका नसलेल्या वेदनेत त्याला दोन दिवस तडफडू देणे आणि 'मी शील पाळले' असे म्हणणे, हेही मला धम्माचे वाटत नाही. १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्यातही अशा जनावरासाठी तरतूद ठेवलेली आहे. निदान डॉक्टराचे असावे. उशाशी बसणे मात्र आपले.

आणि तो पहिला प्रश्न? माणूस आधी की जनावर? एका घरात एकाच वेळी लेकरू आणि वासरू दोन्ही आजारी पडले आणि खिशात पैसे एकाचेच असले, तर लेकराला आधी न्यावे. यात संकोच नको. पण एरवी ही दोन दुःखे एकमेकांच्या ताटातली भाकर ओढत नाहीत. सम्राट अशोकाने आपल्या शिलालेखात माणसांची चिकित्सा आणि जनावरांची चिकित्सा एकाच वाक्यात, शेजारी शेजारी कोरविली; जेथे औषधी वनस्पती नव्हत्या तेथे त्या आणून लावल्या. अडलेल्या बाळंतिणीसाठी गाडी मागायला तालुक्याला जाणारा कार्यकर्ता, गुरांच्या दवाखान्यात डॉक्टराची जागा रिकामी का, हेही त्याच फेरीत विचारू शकतो.

शिरूर कासार तालुक्यात तागडगावला 'सर्पराज्ञी' हे वन्यजीवांचे केंद्र सिद्धार्थ आणि सृष्टी सोनवणे हे दांपत्य चालविते. जखमी पक्षी, हरणे, साप तेथे आणले जातात; बरे झाले की सोडले जातात. तुमच्या मुलाने उद्या तारेत अडकलेली घार किंवा कुत्र्याने धरलेला मोर घरी आणला, तर त्याला रागावू नका. पक्ष्यावर फडके टाकून त्याला भोके पाडलेल्या खोक्यात, अंधारात ठेवा. चोच उघडून पाणी ओतू देऊ नका, ते श्वासात जाते. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. आणि मदत येईपर्यंत त्या मुलाला खोक्याजवळ बसू द्या.