अभावाचा प्रतियोगी

अभाव हा स्वतंत्र पदार्थ मानावा की नाही, या उत्तरकालीन वैशेषिक आणि प्राभाकर मीमांसक यांच्यातील जुन्या दाव्यात स्वीडनमधील लुंड येथील एका प्रयोगाची साक्ष काढावी, असे मला वाटते. क्लाउस मोसबाख व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या या प्रयोगात, दम्यावरील थिओफिलिन या औषधाच्या रेणूंभोवती मेथॅक्रिलिक आम्लाचे रेणू जमवून, त्यांना जोडरेणूंनी आवळून जो ताठर बहुवारिक घडविला, तो दळून व धुऊन त्यातील औषध काढून घेतल्यावर मागे उरलेल्या पोकळ्या थिओफिलिनला नेमके धरीत, आणि अवघ्या एका मिथिल गटाने निराळ्या अशा कॅफीनला बहुतांशी नाकारीत.

प्राभाकर म्हणतील, पोकळी म्हणजे भिंतीच, दुसरे काही नव्हे. परंतु औषधाविना, त्याच द्रव्यांतून केलेल्या तुलनेच्या बहुवारिकातही भिंती आणि छिद्रे असतात. ओळख तेवढी नसते. भिंतींची मांडणी हेच सर्वस्व मानले, तरी ती मांडणी अशीच का, हे थिओफिलिनचे, म्हणजे ज्याचा अभाव आहे त्याचे, नैयायिकांच्या परिभाषेत प्रतियोग्याचे, नाव घेतल्यावाचून सांगता येत नाही. सबब माझा कौल वैशेषिकांच्या बाजूने.