पाच ओळी कोणाच्या?

सेलू तालुक्यातल्या आमच्या शिवारात पऱ्हाटी बोंडावर आली की काकाजींशी माझा वाद ठरलेला.

"अळी शिकली बापू," ते म्हणाले. "२००२ साली बीटी आलं तवा बोंड कसं साफ निघे. २०१७ मध्ये फोडलं तं आत गुलाबी अळी. जहर पचवाले शिकली ते."

"एकही अळी शिकली नाही, काकाजी. असंख्य अळ्यांत एखादी जन्मतःच निराळी असते. आधी त्या निराळेपणाचा तिला उपयोग नव्हता. आपण शिवारभर अंगातच जहर असलेलं बीटी लावलं, बाकीच्या मेल्या, ती उरली. तिची पिल्लंही तशीच. डार्विननं १८५९ मध्ये मांडलं ते हेच: जन्मतः फरक असतो, तो वारशानं पुढे जातो, आणि सगळेच काही जगत नाहीत."

"मंग तिले निवडलं कोणं?"

"आपण. न ठरवता. म्हणून तर पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी बी यायचं. कडेनं पाच ओळी किंवा २० टक्के क्षेत्र, जे जास्त असेल ते. त्या झाडांवर साध्या अळ्या जगाव्यात, त्यांच्या पतंगांचा उरलेल्या पतंगांशी संकर व्हावा. जहर पचवण्याचा गुण आईबाप दोघांकडून आला तरच टिकतो. एकाकडूनच आला, तर ते पिल्लू बीटीवर मरतं."

"म्हंजे अळी म्या पोसाची. अन् काही पाकिटात तं तूर निघे."

ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते. तुरीवर हिरवी बोंडअळी जगते. गुलाबीचं पोट भरतं कपाशीवर. तिच्यासाठी तुरीच्या ओळी असून नसून सारख्याच.

"बरं, तूर जाऊ दे," काकाजी म्हणाले. "ओळी माह्या, नुकसान माहं. पतंग उडून जाते शेजाऱ्याच्या वावरात, फायदा साऱ्या शिवाराचा. शेजाऱ्यानं ओळी लावल्या नाही तं माह्या फुकट. साऱ्यांनी लावल्या तं माह्याबिगर बी चालते. मंग म्या काहून लावू?"

हा हिशेब चुकत नाही, हीच खरी अडचण आहे. निसर्गाची निवडही आजचंच पाहते. पुढच्या हंगामाची काळजी वाहणारी अळी तिनं घडवलेली नाही. मी म्हणालो, "माणसाला पुढचं दिसतं ना? अमेरिकेत अॅरिझोनाच्या शेतकऱ्यांनी बिगर-बीटी क्षेत्र राखलं, तिथे अळीचा हा गुण वर्षानुवर्षं दबून राहिला. पुढे वांझ पतंगही सोडले, आणि २०१८ मध्ये तिथल्या कपाशीतून ही अळी संपल्याचं जाहीर झालं."

"त्यायचं वावर केवढं? एकाच मालकाचं शेकडो एकर असन, तं त्याच्या ओळी त्याचंच पीक राखतीन. माहं पाच एकर. मलेही दिसते पुढचं, पण उधारी यंदाची हाय."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. शिवाय आता तो गुण सगळीकडे पसरलाय; नुसत्या ओळींनी भागणार नाही. मी फरदडीवर आलो. शेवटच्या वेच्यासाठी डिसेंबरनंतर पऱ्हाटी उभी ठेवली की अळीला खाणं मिळत राहतं, ती सरकीत आणि पऱ्हाट्यांत दडून राहते. हिंगणघाटसारख्या ठिकाणी जिनिंगमध्ये आलेल्या कापसातूनही पतंग निघतात, म्हणून तिथेही कामगंध सापळे लावायला सांगतात.

"साऱ्या शिवारानं संगंच उपटली तं मी बी उपटतो."

"कोणीतरी पहिलं व्हावं लागेल."

"ज्याचं पोट फरदडीवर नाही त्यानं व्हावं. तुले पगार हाय, तुहं वावर बटईनं हाय. तू हो."

"होतो."

"अन् बटईदार? शेवटच्या वेच्यात त्याचा बी हिस्सा असते."

"तो मी भरून देतो."

"अन् त्याच्या शेजाऱ्याचा?" काकाजींनी विचारलं.