शर्यत कुणाची, जय कुणाचा?

बैल नांगर ओढतो तेव्हा त्याच्या कष्टातून पिकलेल्या कडब्याचा वाटा त्याच्या गव्हाणीत येतो. धनगराचा कुत्रा रात्रभर मेंढरे राखतो आणि त्याच धन्याची भाकर खातो. या व्यवहारात धन्याचा लाभ अधिक असला, तरी ते काम प्राण्याच्या जीवनाला अगदीच परके नसते. परंतु त्याच प्राण्याला आपण स्पर्धेच्या मैदानात उतरवतो, तेव्हा निराळाच प्रश्न उभा राहतो. धावतो तो, आणि चषक येतो आपल्या घरी. ज्याला चषक म्हणजे काय हेच ठाऊक नाही, त्याच्या श्रमाने मिळालेला मान स्वीकारताना आपण त्याचे काय देणे लागतो?

हा प्रश्न एका विख्यात कुत्र्याच्या चरित्राच्या आधारे तपासून पाहू या.

मिक द मिलर हा ग्रेहाउंड जातीचा कुत्रा १९२६ साली आयर्लंडमधील ऑफली परगण्यातल्या किली या खेड्यात जन्मला. त्याचे पहिले धनी फादर मार्टिन ब्रोफी हे तेथील कॅथोलिक धर्मगुरू होते. वेतातील हे पिल्लू अंगाने किरकोळ होते. फादरांच्या घरी पडेल ते काम करणाऱ्या मिक मिलर नावाच्या गड्याचा मात्र त्याच्यावर जीव जडला, आणि त्याचेच नाव कुत्र्याला मिळाले. पुढे डिस्टेंपरच्या दुखण्यातून तो मरता मरता वाचला. योगायोग असा की, त्याच वर्षी, म्हणजे जुलै १९२६ मध्ये, मँचेस्टरच्या बेल व्ह्यू मैदानावर यांत्रिक सशामागे कुत्रे धाववण्याचा खेळ इंग्लंडमध्ये सुरू झाला. कुत्रा आणि खेळ असे बरोबरच वाढले.

यांत्रिक सशाची ही युक्ती मुळात अमेरिकेतील ओवेन पॅट्रिक स्मिथ याची. जिवंत सशाचा बळी न घेता शर्यत व्हावी, हा तिच्यामागील एक उद्देश होता. उद्देश चांगला होता. परंतु त्यामुळे धावणाऱ्या कुत्र्यासमोर केवळ एक आभास उरला. रुळावरून पळणारे ते सोंग कधीही हाती लागायचे नसते. मिकने १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षे लंडनची ग्रेहाउंड डर्बी जिंकली. ५२५ यार्डांचे अंतर त्याने १९२९ च्या अंतिम शर्यतीत २९.९६ सेकंदांत, म्हणजे ताशी सुमारे ५८ किलोमीटर वेगाने तोडले. एकदा तर त्याने ओळीने १९ शर्यती जिंकल्या. परंतु ज्यासाठी तो जिवाच्या आकांताने धावला, तो ससा त्याला एकदाही गवसला नाही. गवसले ते माणसांना. फादर ब्रोफी यांच्याकडून तो ८०० गिनींना विकला गेला आणि पुढे २००० गिनींना पुन्हा विकला गेला. प्रेक्षकांनी त्याच्यावर पैजा लावल्या. १९३४ साली चित्रपटातही त्याचे दर्शन घडले.

त्याच्या कारकिर्दीतील दोन प्रसंग आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने विशेष बोलके आहेत. १९२९ च्या अंतिम शर्यतीत पहिल्याच वळणावर कुत्र्यांची टक्कर झाली आणि पॅलाटिनस नावाचा दुसरा कुत्रा पहिला आला. पंचांनी ती शर्यत रद्द ठरवली. फेरशर्यत झाली आणि ती मिकने जिंकली. दोन वर्षांनी, १९३१ साली, मिक पुन्हा अंतिम फेरीत पोचला. तो आता पाच वर्षांचा, म्हणजे या खेळात वयस्कर होता. तरीही तो पहिला आला. हजारो प्रेक्षकांनी जल्लोष केला. परंतु दुसऱ्या एका कुत्र्याने नियमभंग केला म्हणून पंचांनी पुन्हा धावण्याचा आदेश दिला, आणि दमलेला मिक त्या फेरशर्यतीत मागे पडला. नियमाने जे एकदा दिले, ते नियमानेच दुसऱ्यांदा नेले.

आता विचार करा, या दोन्ही निकालांतले मिकला काय कळले? १९२९ चा लाभ त्याला ठाऊक नव्हता आणि १९३१ चा अन्यायही नाही. त्याला एवढेच कळले असेल की, आपल्याला पुन्हा पिंजऱ्यात उभे केले आहे, दार उघडले आहे, आणि ससा पुढे पळतो आहे. थकलेल्या अंगाने तो पुन्हा धावला. जय आणि पराजय हे दोन्ही शब्द आपले आहेत. त्याचा होता तो केवळ दम.

यावर कोणी म्हणेल की, ग्रेहाउंडला धावणे आवडते. मोकळे सोडले तर तो आपण होऊन धावतो. मग त्यात अन्याय कसला? हे म्हणणे खोटे नाही. शतकानुशतकांच्या पैदाशीने त्याच्या देहात वेग भिनला आहे आणि धावताना त्याला आनंद होतो, हे पाहणाऱ्यालाही दिसते. परंतु खरी अडचण येथेच आहे. ज्याला धावणे इतके प्रिय आहे, तो पाय दुखावला असतानाही धावेल. धन्याने मोठ्या अपेक्षेने पाहिले म्हणजे आणखीच धावेल. 'आता पुरे' हे शब्द त्याच्याजवळ नाहीत. म्हणून ते उच्चारण्याची जबाबदारी ज्याच्या हाती दोरी आहे, त्याच्यावर येऊन पडते.

मोशेच्या नियमशास्त्रात शब्बाथाच्या आज्ञेत घरच्या जनावरांचाही समावेश आहे, हे आपणांस ठाऊकच आहे. ही आज्ञा बैलाला दिलेली नाही, बैलाच्या धन्याला दिलेली आहे. जो विसावा मागू शकत नाही, त्याचा विसावा दुसऱ्याचे कर्तव्य ठरतो, हे तत्त्व तिच्यात आहे. पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात शर्यतीत धावणाऱ्याचा दाखला दिला आहे. पण तो धावपटू बक्षीस ओळखून, स्वतःच्या इच्छेने संयम पाळणारा आहे. मिकला त्या दाखल्यात बसवता येत नाही. तो धडा धावणाऱ्यासाठी आहे, आणि आपला प्रश्न धाववणाऱ्यासाठी आहे.

१९७८ साली लंडनच्या क्रफ्ट्स प्रदर्शनात ॲजिलिटी नावाचा नवा खेळ सुरू झाला. घोड्यांच्या उड्यांच्या स्पर्धेवर तो बेतलेला आहे. त्यात माणूस कुत्र्याबरोबर स्वतः धावतो आणि प्रत्येक अडथळ्याची दिशा दाखवतो. ब्रिटनच्या नियमांनुसार अठरा महिन्यांखालील कुत्र्याला स्पर्धेत उतरवता येत नाही, आणि उडीची उंची कुत्र्याच्या उंचीप्रमाणे ठरते. शर्यत संपताच पुष्कळ कुत्र्यांना त्यांचा आवडता चेंडू मिळतो. त्याच्या दृष्टीने तेच खरे बक्षीस. आणि ते त्याच्या तोंडात पडते, ही गोष्ट लहान नाही. तरीही उतारवयातल्या कुत्र्याला आणखी एका पदकासाठी उडी मारायला लावावी काय, हा प्रश्न तेथेही सुटत नाही.

मिकच्या बाबतीत 'पुरे' हा शब्द वेळेवर उच्चारला गेला. ऑक्टोबर १९३१ मध्ये वेम्बली येथे सेंट लेजर शर्यत जिंकल्यावर त्याला निवृत्त करण्यात आले. तेव्हा तो जिंकत होता. आणखी वर्षभर त्याच्यावर पैसा मिळवता आला असता. तो १९३९ साली वारला, म्हणजे शर्यतींनंतर सात वर्षांहून अधिक काळ जगला. त्याच्या हजारो भाईबंदांना असे धनी मिळाले नाहीत. निवृत्त ग्रेहाउंडांना घरे मिळवून देणारी संस्था ब्रिटनमध्ये १९७५ साली स्थापन झाली. तोवर खेळाला जवळजवळ अर्धशतक लोटले होते. फ्लोरिडा राज्याच्या मतदारांनी २०१८ साली कुत्र्यांच्या शर्यती बंद करण्याच्या बाजूने कौल दिला. न्यूझीलंड सरकारने डिसेंबर २०२४ मध्ये आणि वेल्सच्या सरकारने २०२५ साली तसाच निर्णय जाहीर केला.

आपल्यापैकी फार थोड्यांच्या दारात शर्यतीचा कुत्रा असेल. परंतु आपल्या शब्दावर धावणारे कोणी ना कोणी बहुतेकांच्या घरी असते: एखादे जनावर, किंवा आईवडिलांच्या हौसेखातर स्पर्धेमागून स्पर्धेला उभे राहणारे लेकरूसुद्धा. त्याने जिंकून आणलेला मान दिवाणखान्यात मांडण्यापूर्वी आपण स्वतःला दोन गोष्टी विचाराव्यात. हा शेवटचा आला असता, तर आज त्याला हीच माया लाभली असती काय? आणि तो दमला आहे, हे आपल्याला कशावरून कळते?

मिकचा देह पेंढा भरून इंग्लंडमधील ट्रिंगच्या संग्रहालयात जतन केलेला आहे. लोक आजही तो पाहायला जातात. तो सन्मान आपल्या समाधानासाठी आहे. त्याला स्वतःला जे मिळाले, ते शेवटच्या सात वर्षांत मिळाले, जेव्हा पिंजऱ्याचे दार त्याच्यासाठी पुन्हा उघडले गेले नाही.