तुला काय येतं?

करिंथ हे ग्रीसमधलं दोन बंदरांचं, पैशाअडक्याचं गाव. तिथल्या ख्रिस्ती मंडळीत इ.स. 55च्या सुमारास मानापमान सुरू झाले. आत्म्याच्या प्रेरणेने अन्य भाषांत बोलणारे स्वतःला वरचढ समजू लागले. प्रेषित पौलाने त्यांना पत्र लिहिलं. त्या पहिल्या पत्राच्या बाराव्या अध्यायातला शरीराचा आणि अवयवांचा दाखला ख्रिस्ती घरांत लहानपणापासून कानावर पडतो. पण अध्यायाच्या शेवटाकडे आत्मिक कृपादानांची जी यादी येते, ती आपण घाईने वाचून जातो. प्रेषित, संदेष्टे, शिक्षक, मग चमत्कार करणारे, रोग बरे करणारे. आणि त्यांच्याच पंगतीला मदत करणारे आणि व्यवस्था पाहणारे. अन्य भाषा त्यांच्याही नंतर!

ही यादी आपण मनापासून मानली, तर मंडळीचं अर्धं दुखणं बरं होईल, असं मला वाटतं. ज्या देवाने बरं करण्याचं दान दिलं, त्यानेच हिशेब चोख ठेवण्याचंही दिलं. पौलाचं रोमकरांस पत्र तर्तियस नावाच्या लेखनिकाने उतरवून घेतलं. शेवटच्या अध्यायात तो स्वतःच्या नावाने वाचकांना सलाम सांगतो, आणि पौलाने ती ओळ तशीच राहू दिली. इतक्या थोर पत्रात लेखणी धरणाऱ्याला जागा आहे, याचा मला फार आधार वाटतो.

आपल्याकडे हे घडलेलं पाहायचं, तर दौंड तालुक्यातल्या केडगावला जावं. 1896-97च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून निराधार बायका-मुली आणल्या. मुक्ती मिशन उभं राहिलं. या बायकांना नुसतं जेवूखाऊ घालून बाईंनी बसवून ठेवलं नाही. विणकाम, शेती, स्वयंपाक, छापखाना, जिला जे जमेल ते तिच्या हाती दिलं. अंध मुलींना रमाबाईंची मुलगी मनोरमाबाई ब्रेल शिकवत. साध्या बाईला समजेल अशा मराठीत बायबल आणण्यासाठी रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. ते बायबल छापलं मुक्तीतल्या बायकांनी. छापखान्यातली जुळणी म्हणजे उलट्या अक्षरांचा एकेक खिळा उचलून ओळ बांधायची. काना, मात्रा, जोडाक्षरं सगळी सांभाळायची. एक खिळा चुकला की शब्द बिघडला. रमाबाई 1922मध्ये गेल्या, संपूर्ण बायबल 1924मध्ये प्रसिद्ध झालं. रमाबाईंच्या विद्वत्तेवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. खिळे जुळवणाऱ्या बोटांवरही लिहिलं गेलं पाहिजे.

कवितेच्या दानाचंही तसंच. नारायण वामन टिळकांचा 1895मध्ये बाप्तिस्मा झाला, त्याआधीच ते कवी होते. मराठी मंडळ्यांत तेव्हा बरीचशी भाषांतरित गीतं परक्या चालींवर म्हटली जात. टिळकांनी अभंग, ओवी, कीर्तन उपासनेत रुजवलं आणि मंडळीला गळा मोकळा करून दिला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना तर अक्षरओळखही लग्नानंतरच झाली. पण 1919मध्ये टिळक गेल्यावर त्यांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य लक्ष्मीबाईंनीच पूर्ण केलं. घरातल्या माणसाच्या अंगात काय आहे, हेही कधी कधी असं उशिरा कळतं.

आजच्या मंडळीत काय दिसतं? व्यासपीठावर तीच चार माणसं. शब्बाथशाळा त्यांचीच, गायकवृंद त्यांचा, नाताळचा कार्यक्रमही त्यांच्याच गळ्यात. ती थकतात, मग चिडतात. मागच्या बाकांवर मात्र निवृत्त परिचारिका, वायरमन, तालुक्याच्या कचेरीतले खाचखळगे ठाऊक असलेला कारकून, आजाऱ्याजवळ तासन्‌तास न कंटाळता बसणारी आजी, अशी माणसं वर्षानुवर्षं बसून असतात. त्यांना कोणी विचारलेलंच नसतं. आणि मग पाळकसाहेब उपदेशातून सांगतात, सेवेत उत्साह हवा. उत्साह असा सांगून येत नाही. आपल्या हाताला जमणारं काम मिळालं आणि त्याची कोणाला तरी गरज आहे हे दिसलं, की माणूस न बोलावता लवकर येतो आणि दिवे मालवून सगळ्यांच्या शेवटी जातो.

म्हणून मंडळीच्या वडिलांना कळकळीची विनंती आहे. पुढच्या कमिटीची नावं ठरवण्याआधी एकदा घरोघर जा. वर्गणीचं पुस्तक घरीच ठेवा. प्रत्येकाला, म्हाताऱ्यांना आणि पोरांनाही, एवढंच विचारा: तुला काय येतं? आणि जे उत्तर मिळेल, त्याला त्याच महिन्यात काम द्या.