बोल फुटण्याआधीचं ऐकणं

घरात लेकराला बोल फुटले की सगळ्यांना उधाण येतं. माझं माहेर लातूर, सासर नांदेड. पोराचा नवा शब्द इकडे ऐकला की तासाभरात तिकडे फोनवर पोचलेला असतो. 'पाणी सुटलं' हे त्याने लातुरात उचललं. तिथे नळाला रोज पाणी नसतं. सुटलं की आई हातातलं काम टाकून उठते, मग बादल्या, पिंपं, मोटारीचं बटण, सगळं घर धावतं. २०१६च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं असं ते शहर. तिथल्या बायकांच्या तोंडी या दोन शब्दांना जो जोर असतो, तो पोराने जसाच्या तसा घेतला. आता नांदेडात नुसती बाथरूममधली तोटी उघडली तरी तो दोन्ही हात वर करून ओरडतो, "पानी तुतलं!" अर्थ अर्धाच कळलाय, धावपळ मात्र पुरी.

हे कौतुकाचं झालं. पण अलीकडे मी त्याचं बोलणं कान देऊन ऐकू लागले आहे, आणि जे ऐकू येतं ते मला स्वस्थ बसू देत नाही. शब्दांबरोबर त्याने आमच्या घरातली माणसांची उतरंडही उचलली आहे. कोणाला नात्याने ओळखायचं, कोणाला नावाने, कोणाला नुसत्या कामावरून, कोणाशी आवाज चढवला तरी चालतो, हे त्याला कोणी बसवून शिकवलेलं नाही.

लेकरू पहिला शब्द बोलतं त्याच्या आधी वर्षभर ते नुसतं ऐकत असतं. कॅनडातल्या जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या संशोधकांनी १९८४ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतल्या 'त' आणि 'ट' मधला फरक ऐकू यायचा. दहा-बारा महिन्यांपर्यंत तो बहुतेकांना ऐकू येईनासा व्हायचा, कारण त्यांच्या घरात तो फरक कोणी करत नव्हतं. घरात ज्याचा उपयोग नाही ते कान सोडून देतो, रोज लागतं ते पक्कं धरतो. अभ्यास आवाजांपुरता होता, माणसांशी वागण्यावर मी तो ताणणार नाही. पण वाचल्यापासून एक प्रश्न मागे लागलाय: आमच्या घरात रोज कोणकोणते फरक केले जातात?

सकाळी दाराची कडी वाजते. पोरगा खेळणं टाकून दाराकडे पळतो आणि अतिशय आनंदाने घरभर सांगतो, "भांदेवाली आली!" दारात मावशी चपला काढत उभ्या असतात. मुखेडकडच्या आहेत. कोरडवाहू रानावर भागेना म्हणून नवऱ्यामागे शहरात आलेल्या. त्या हसतात, "आले रं माझ्या राजा" म्हणत त्याच्या गालांवरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडतात, आणि ओट्याकडे जातात.

त्यांच्यासमोर आम्ही त्यांना मावशीच म्हणतो, मी तर 'अहो मावशी' म्हणते. दुसरा शब्द त्या नसताना वापरायचा असतो. 'भांडेवाली अजून आली नाही.' 'भांडेवालीचे पैसे द्यायचेत.' मोठ्या माणसाला या दोन शब्दांच्या जागा पाठ असतात आणि त्या सांभाळल्या की तो सभ्य ठरतो. पोराला त्या जागा अजून कळत नाहीत. मागचं बोलणं तो पुढ्यात बोलतो, तेही प्रेमाने. "मावशी म्हणावं बाळा" असं सांगून त्याला वळण लावणं अवघड नाही, आठवडाभरात तो शिकेल. पण मग मी त्याला काय शिकवलेलं असेल? माणसाचा मान राखायला, की तोंडावर एक आणि पाठीमागे एक बोलायला? मी मावशींना 'अहो' म्हणते ते त्यांच्यासाठी, की मी 'अहो' म्हणणाऱ्यांपैकी आहे हे मला स्वतःला ऐकायला आवडतं म्हणून? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पूर्ण 'नाही' असं मला देता येत नाही.

दुसरी गोष्ट गळ्याची. मराठीत क्रियापद नुसतं उच्चारलं की हुकूम होतो. दे, घे, ये, जा. लहान जिभेला तेच सोपं, म्हणून दोन-अडीच वर्षांचं पोर सगळ्या जगाला हुकूम सोडत असतं आणि त्यात काही वावगं नाही. आईला 'तू' म्हणणं तर आपल्याकडे मायेचंच. विठोबाला आपण 'तू' म्हणतो, आणि खेड्यावर मी माझ्या आज्ज्यालाही "तू कवा आलास?" असंच विचारायचे. तेव्हा 'तू' मला खटकत नाही. पण परवा पोरगा कोचावर रेलून बसला, टीव्हीचा रिमोट मोबाईलसारखा नाकासमोर धरला आणि मान न वळवता म्हणाला, "ए, पानी दे." शब्द त्याचे होते. मान न वळवणं, 'ए' किंचित लांबवणं आणि 'दे' तोडून टाकणं घरातलं होतं. सासूबाई म्हणाल्या, "बापाचाच गळा हाय!" सगळे हसले, मीसुद्धा.

माझा नवरा मायाळू माणूस आहे. पोराला रात्री तोच थोपटून झोपवतो. पाणी तो मागतो तेव्हा मला अपमान वाटत नाही, सवयीचं झालंय. मी विचार करते तो त्या हसण्याचा. त्यात कौतुक होतं, आणि कौतुक पोराच्या बाप्यापणाचं होतं. मुलगी असती, आणि बापाकडे न बघता तिने त्याच गळ्यात पाणी मागितलं असतं, तर घरात कोणी हसलं नसतं. मला ठाऊक आहे, मीही हसले नसते, लगेच म्हणाले असते, "असं बोलू नये बाबांशी."

तिसरी गोष्ट फळांच्या गाड्याची. गाडेवाल्याची दाढी-टोपी दिसली की माझी जीभ आपसूक वळते, "भैया, कैसे दिए?" तो म्हणतो, "साठ रुपये किलो ताई. उलूसे आंबटगोड हायेत, लेकराला देऊन बघा." त्याची मराठी माझ्यापेक्षा जास्त नांदेडची आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. माझे आजोबा शाळेत उर्दूतून शिकले, कचेरीतले अर्ज उर्दूत लिहायचे, आणि मोंढ्यात शेजारच्या मुसलमान दुकानदाराशी मराठीत बोलायचे. समोरच्याला मराठी येते हे त्यांनी गृहीत धरलेलं असायचं. मी ते का धरत नाही? द्वेष माझ्या मनात नाही, हे मी खरं सांगते. पण परकेपणा द्वेषावाचूनही शिकवता येतो. पोरगा आता दाढीवाला कोणीही दिसला की 'भैया' म्हणतो. कोपऱ्यावरच्या घरातले, जन्मभर मराठी शिकवून निवृत्त झालेले सर त्यांच्या दाढीमुळे 'भैया' झाले. त्यांनी हसून त्याला विचारलं, "काय रे, जेवलास का?" तेव्हा तो त्यांच्याकडे बघतच राहिला.

या सगळ्याला कोणी म्हणेल, एवढंसं लेकरू, मोठं झालं की कळेल. मला ते पटत नाही, कारण कोणाला काय म्हणायचं ही गोष्ट आमच्या भागात कधीच लहान नव्हती. लक्ष्मण गायकवाड लातूरजवळच्या धनेगावचे. १९८७ साली त्यांचं आत्मकथन आलं आणि पुढच्या वर्षी त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पुस्तकाचं नाव 'उचल्या', म्हणजे त्यांच्या जमातीला लोक मारत तीच हाक. इंग्रजांच्या १८७१च्या कायद्याने कित्येक जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला होता. कायदा १९५२ साली गेला, लोकांच्या तोंडची हाक गेली नाही. त्या जमातींत लेकराला स्वतःचं नाव नीट सांगता यायच्या आधी गावाने दिलेलं नाव त्याच्या अंगाला चिकटलेलं असायचं. आणि औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यायचा ठराव जुलै १९७८ मध्ये विधिमंडळात झाला, तेव्हा मराठवाडाभर दलित वस्त्या जळल्या. आमच्या नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीला पोचिराम कांबळे यांना मारून टाकलं. ते नाव लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडावं लागलं. त्याच वर्षी सप्टेंबरात नांदेडचं वेगळं विद्यापीठ झालं, जिथून मी पदवी घेतली. शिकत होते तेव्हा ही जोडकथा मला कोणी सांगितली नव्हती आणि मीही विचारली नव्हती.

गावात साठीच्या म्हाताऱ्याला पाटलाचं शेंबडं पोर अर्ध्या नावाने हाक मारायचं आणि म्हातारा "जी मालक" म्हणत उठायचा, हे माझ्या आईने डोळ्यांनी पाहिलेलं आहे. ते पोर दुष्ट नव्हतं. तेही कधी अडीच वर्षांचं होतं आणि कुणाचं तरी ऐकूनच बोलायला शिकलं होतं.

आमच्या नांदेडातच याच्या उलटही ऐकायला मिळतं. सचखंड गुरुद्वाऱ्यात लंगरच्या पंगतीत सेवेकरी वाकून रोटी पुढे करतात तेव्हा "परशादा जी" म्हणतात. पोरगा माझ्या मांडीशी बसला होता, त्यालाही तसंच म्हणाले. पलीकडे फाटक्या सदऱ्यातला एक प्रवासी होता, त्याच्याशीही आवाजात तसूभर फरक नाही. पोराने दोन्ही हात पुढे केले. घरी तो एका हाताने ओढून घेतो. दोन हात पुढे करायला त्याला मी सांगितलं नव्हतं. शेजारच्यांचं बघितलं असेल, नाहीतर त्या आवाजाला तेच शोभतं असं त्याला वाटलं असेल.

इथवर सगळं बोलण्याचं झालं, आणि बोलण्यापाशीच थांबले तर मी स्वतःला फार स्वस्तात सोडून दिल्यासारखं होईल.

पोरगा सध्या वस्तूंच्या मालकीच्या नादात आहे. एका संध्याकाळी मांडणीपुढे फतकल मारून तो एकेका भांड्यावर बोट ठेवत होता. "हा बाबाचा. हा आजीचा. हा माझा." मांडणी संपली तसा उठला, मागच्या खिडकीपाशी गेला, टाचा उंचावून तिथला स्टीलचा पेला दाखवला आणि म्हणाला, "हा मावशीचा." माझ्याकडे वळून बघितलं, बरोबर ना, अशा डोळ्यांनी. बरोबरच होतं. काठाला पोचा आलेला तो पेला मी लग्न होऊन आले तेव्हापासून खिडकीतच असतो. त्यावर घरात एक अक्षरही कधी कोणी बोललेलं मला आठवत नाही. पोराने ते न बोललेलंही ऐकलं होतं.

त्या रात्री मी पेला घासून बाकीच्या पेल्यांत ठेवला. सकाळी चहा ओतताना मावशींनी तो मांडणीतून हुडकून काढला, आणि प्यायल्यावर विसळून पुन्हा खिडकीत ठेवला. म्हटलं, "मावशी, मांडणीतच ठेवा की." त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या ताई. हितं हाताला सापडतो." सासूबाई मेथी निवडत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. आणि मला हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याकडे मी रोज पुन्हा पुन्हा येते. मावशींनीच 'राहू द्या' म्हटल्यावर सासूबाईंशी वाद टळला, माझं मनही मोकळं झालं, आणि पेला जिथल्या तिथे राहिला. आम्ही दिवाळीला मावशींना लुगडं देतो, पोरांच्या वह्यांना पैसे देतो, आणि ताप आला म्हणून दोन दिवस आल्या नाहीत तर खाडा धरतो. हे सगळं एकाच घरात, एकाच हाताने होतं, आणि तो हात बहुतेक वेळा माझा असतो.

पोरगा आत्ता 'काय' आणि 'कुठं' विचारतो. 'का' अजून यायचाय, तो प्रश्न लेकरांना जरा उशिरा सुचतो. पेला इथंच का, असं तो विचारेल तेव्हा आम्ही सगळ्याजणी स्वयंपाकघरातच असू, मावशीसुद्धा. मी मनात उत्तरं करून बघते. 'सापडायला बरं' हे मावशींच्या तोंडी चालतं, माझ्या तोंडी ते खोटं आहे. 'आजीला आवडत नाही' म्हणणं म्हणजे सगळं म्हातारीच्या माथी मारून मोकळं होणं. तिसरं उत्तर मला ठाऊक आहे, आणि ते मावशींच्या देखत मोठ्याने म्हणता येत नाही. ज्या उत्तराला असा आडोसा लागतो, ते लेकराला मी कुठल्या तोंडाने देणार?

सासूबाईंशी आधी बोलायला हवं. त्यांना कळणार नाही असं मी इतके दिवस धरून चालले आहे, पण त्यालाही आधार नाही. लग्नानंतर कित्येक वर्षं महिन्यातले चार दिवस त्या स्वतः पडवीत बसलेल्या आहेत, वेगळ्या ताटलीत जेवलेल्या आहेत. ती ताटली कुठे ठेवायचे, हे त्यांनी मला एकदा दाखवलंसुद्धा होतं. तिथूनच सुरुवात करीन म्हणते, त्या उमरीला भावाकडे जायच्या आत.