तारे लागत नाहीत तोवर

व्हिडिओ गेममध्ये माणूस मारला तर तो गुनाह होतो का, असे आठवी-नववीची मुले हल्ली सरळ विचारतात आणि उत्तरही तीच देऊन टाकतात : “सर, उसमें कौन सचमुच का मरता?” हे उत्तर खोटे नाही. पडद्यावर पडलेल्याचा जनाजा निघत नाही. बुद्धिबळात वजीर मारला म्हणून कोणी कोणाला खुनी ठरवत नाही. त्यामुळे ‘हराम आहे, बंद करा’ एवढे म्हणून मोकळे होणारे पालक मला पटत नाहीत. पण बुद्धिबळातला वजीर जीव घेऊन पळत नाही, किंकाळी फोडत नाही. या खेळांतली माणसे पळतात, ओरडतात. विचार तिथून सुरू व्हायला हवा.

आपल्याकडे चर्चा झाली ती दुसऱ्याच गोष्टींची. जानेवारी 2019 मध्ये मुंबईच्या एका 11 वर्षांच्या मुलाच्या वतीने ‘पबजी’वर बंदी घालावी म्हणून उच्च न्यायालयात याचिका दाखल झाली. त्याच वर्षी मार्चमध्ये आमच्या शेजारच्या हिंगोलीत रेल्वेरुळाजवळ पबजीत गुंतलेले दोन तरुण गाडीखाली सापडले. वर्तमानपत्रांत व्यसन, डोळे, अभ्यास यांवर रकाने भरले. सप्टेंबर 2020 मध्ये केंद्र सरकारने आणखी 117 अॅप्सबरोबर पबजी बंद केला तो देशाच्या सुरक्षिततेचे कारण देऊन. 2021 मध्ये तोच खेळ नवे नाव घेऊन परतला. आता रक्त हिरवे दिसू लागले आणि ‘मारले’ या शब्दाच्या जागी ‘संपवले’ अशा अर्थाचा शब्द आला. रंग बदलला की जमिरावरचा डाग जातो, असे मानणारी ही नीती मोठी सोयीची आहे!

पण पबजीत निवड अशी फारशी नसतेच. मारा, नाहीतर मरा. खरा पेच ज्या खेळांत अख्खे शहर मुलाच्या हवाली केलेले असते तिथे आहे. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो : व्हाइस सिटी’ 2002 साली आला आणि सायबर कॅफेंतून वर्षानुवर्षे चालला, बहुतेक ठिकाणी नक्कल केलेल्या सीडीवरून. म्हणजे गाड्या चोरण्याचा खेळ चोरीनेच घरोघर गेला. त्यात नेमून दिलेले काम करा किंवा नुसते हिंडा. वाटेल त्याची गाडी घ्या, वाटेल त्याला उडवा. पोलिसांच्या लक्षात आले तर कोपऱ्यात एक तारा लागतो. गुन्हे वाढले की तारे वाढतात, सहा झाले की लष्कर येते. पण गॅरेजमध्ये गाडी रंगवून घेतली की तारे विझतात. पकडले गेलात तर हत्यारे जातात, आणि ठाण्याच्या दारातून तुम्ही पुन्हा मोकळे. मेलात तर थोडे पैसे कापून दवाखान्याबाहेर पुन्हा उभे. ज्याला मारले त्याचे प्रेत थोड्या वेळाने आपोआप नाहीसे होते.

त्या शहरात पोलीस आहेत, शेजारी नाही. मेलेल्याचा भाऊ दुसऱ्या दिवशी दारात येत नाही. कारंजात दिल्ली वेशीजवळ पोराने सिगारेट पेटवली तर ती विझायच्या आत खबर घरी पोहोचते. ही मोहल्ल्याची नजर जाचक असते, मुलींना तर फारच. मी तिचे गोडवे गात नाही. पण ‘लोक काय म्हणतील’ यातले लोक म्हणजे ज्यांना आपले करणे भोगावे लागते तेही असतात. खेळाने ते सगळे वगळले. उरला फक्त तारा, म्हणजे पकडले जाण्याची किंमत.

आणि ‘नुसते चित्र आहे’ हे खेळ करणाऱ्यांना तरी पटते का? या मालिकेच्या शहरांत रस्त्यावर लहान मुले दिसतच नाहीत. चित्र मारण्यात काहीच वावगे नसेल तर चित्रातली मुले का वगळली? व्हाइस सिटीतल्या काही वाक्यांवर अमेरिकेतल्या हैतीच्या लोकांनी आक्षेप घेतला, तेव्हा 2003 मध्ये कंपनीने माफी मागितली आणि पुढे ती वाक्ये काढली. आपल्या नावाचा, आपल्या चेहऱ्याचा माणूस खेळात निशाणा झाला की चित्र एकदम चित्र राहत नाही. हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

पुढच्या खेळांनी चांगुलपणाही मोजायला घेतला. 2008 च्या ‘फॉलआउट 3’ मध्ये तर त्या हिशेबाचे नावच ‘कर्म’ आहे; भिकाऱ्याला शुद्ध पाणी दिले की कर्म वाढते. हा खेळ मायक्रोसॉफ्टने भारतात आणलाच नाही, सांस्कृतिक संवेदनशीलतेचे कारण देऊन. 2018 च्या ‘रेड डेड रिडेम्प्शन 2’ मध्ये येणाऱ्या-जाणाऱ्याला दुआसलाम करत राहिले की इज्जत वाढते आणि इज्जत वाढली की दुकानात सूट मिळते. मला तारे लावणाऱ्या खेळापेक्षा हा हिशेब अधिक धोक्याचा वाटतो. तिथे निदान गुन्ह्याला गुन्हा म्हणतात; इथे सलाम हेच चलन झाले. सहीह बुखारीची पहिली हदीस नीयतीबद्दल आहे, हे आमच्या मुलांना पाठ असते. यंत्राला नीयत दिसत नाही, फक्त बटण दाबलेले कळते.

हे मुलांना कळत नाही असे मात्र समजू नये. वर्गात मी विचारले, तारे लागलेच नसते तर काय केले असते? बहुतेकांनी जे सांगितले ते इथे लिहीत नाही. एक मुलगा म्हणाला, तो व्हाइस सिटीत लाल सिग्नलला थांबतो. का? “अच्छा लगता, सर.” सगळे हसले. त्याला तिथे ना तारा लागणार होता, ना सूट मिळणार होती.

बाकीच्यांवर मला रागावता आले नाही. तारे आम्हीच त्यांना आधी शिकवले आहेत. दहावी-बारावीच्या परीक्षेत भरारी पथकाची जीप फाटकात वळली की काही केंद्रांच्या खिडक्यांतून चिठ्ठ्या बाहेर पडतात, जीप गेली की त्याच खिडक्यांतून आत येतात. खिडकीखाली ती देणारी माणसे व्हाइस सिटीची नसतात. मुलांचे काका-मामाच असतात, आणि त्यांतल्या कित्येकांनी घरी मोबाइलवर बंदी घातलेली असते.